संत निकोलसचा बूट आणि कुस्वाराचे ताट



आगमनकाळाच्या माळेतील पहिली जांभळी मेणबत्ती पेटली की धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "टीचर, सांता खरा आहे का?" मोठी मुले हसतात, लहानगी हिरमुसतात आणि शिक्षिका बहुधा विषय बदलतात. खरे तर विषय बदलण्याची गरज नाही. या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेतच आहे. ६ डिसेंबरला संत निकोलसचा स्मरणदिन असतो. हॉलंडमध्ये त्याला सिंटरक्लास म्हणतात, आणि अमेरिकेत जाऊन त्याचाच सांताक्लॉज झाला.

वरळी-दादरच्या माणसाला ६ डिसेंबर म्हटले की वेगळेच चित्र आठवते, आणि ते योग्यच आहे. १९५६ साली या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. दरवर्षी गावोगावची लाखो माणसे खांद्याला एक पिशवी लावून चैत्यभूमीकडे चालत असतात. रस्त्याच्या कडेला कोणी पाणी देते, कोणी जेवण, कोणी बिस्किटाचे पुडे. घेणारा देणाऱ्याचे नाव विचारीत नाही आणि देणारा घेणाऱ्याचे. हे चित्र मनात असू द्या. संत निकोलसची गोष्ट समजून घ्यायला ते उपयोगी पडेल.

निकोलस हा चौथ्या शतकातील मायरा शहराचा महागुरू. ते ठिकाण आज तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर डेमरे या नावाने ओळखले जाते. बर्फ, हरणांची गाडी, उत्तर ध्रुव यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो समुद्रकाठचा माणूस. खलाशी त्याला आपला आश्रयदाता मानतात, आणि १०८७ साली त्याचे अवशेष मायराहून इटलीतील बारी या बंदरात नेले तेही खलाशांनीच. तेव्हा मॉलमधल्या सांतापेक्षा आपल्या कोळीवाड्यातील नाखव्यांचा त्याच्यावर अधिक हक्क आहे, असे मी वर्गात सांगते. मुलांना ते फार आवडते.

त्याच्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी. मायराच्या परिसरात एका गृहस्थाचे दिवस फिरले. तीन मुली लग्नाच्या, घरात दमडी नाही. हुंड्याशिवाय लग्न नाही, आणि लग्न नाही तर मुलींना विकण्यावाचून गत्यंतर नाही, अशी वेळ आली. आईवडिलांच्या पश्चात निकोलसच्या हाती बरीच संपत्ती आली होती. एका रात्री त्याने सोन्याची थैली खिडकीतून त्या घरात टाकली आणि तो निघून गेला. थोरलीचे लग्न झाले. पुढे दुसरी थैली पडली. तिसऱ्या वेळी मात्र बाप जागत बसला होता. तो धावत गेला, त्याने निकोलसला गाठले आणि त्याचे पाय धरले. निकोलसने त्याला एवढेच सांगितले, की मी जिवंत आहे तोवर हे कोणाला कळू देऊ नकोस. थैली नेमकी बुटात किंवा वाळत घातलेल्या मोज्यात पडली, ही भर नंतरच्या लोकांनी घातली. युरोपातल्या मुलांनी बूट मांडून ठेवण्याची रीत या गोष्टीशी जोडली जाते.

ही गोष्ट मुलांना सांगताना हुंड्याचे समर्थन होऊ नये, ही काळजी शिक्षकांनी घ्यावी. आपली मुंबईसुद्धा १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला हुंड्यातच दिली गेली. राजकन्या असो की गरिबाघरची पोर, मुलीबरोबर वजनात काहीतरी घालावे लागते ही रीत वाईटच. निकोलसने त्या तिघींना त्या रीतीच्या तावडीतून सोडवले, एवढे मुलांपुढे स्पष्ट करावे.

आता युरोपातील मुलांकडे वळू या. आपल्या मुंबईच्या ख्रिस्ती जीवनावर त्या बालपणांचा ठसा आहे. झेवियर्स कॉलेज १८६९ साली सुरू केले ते जर्मन येशूसंघीय फादरांनी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन फादरांना येथे राहू दिले नाही. पुढे १९२२ च्या सुमारास स्पेनचे फादर येऊ लागले. इतिहासकार फादर हेन्री हेरास त्याच वर्षी आले. ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना शिकवले ती ही माणसे. त्यांच्याही देशांत मुले एका ठरावीक रात्री बूट पुसून दाराशी किंवा खिडकीत ठेवीत असत.

जर्मनीत ही रात्र ५ डिसेंबरची. मुले बूट स्वच्छ करून ठेवतात आणि सकाळी त्यात सफरचंद, अक्रोड, बदाम, आल्याची बिस्किटे मिळतात. बूट मळलेला असेल तर काही मिळत नाही, अशी समजूत. (आया किती हुशार असतात पाहा!) हॉलंडमधील मुले बुटात गाजर किंवा मूठभर गवत ठेवतात. ते स्वतःसाठी नसते, संताच्या पांढऱ्या घोड्यासाठी असते. सकाळी गवत नाहीसे होते आणि मुलाच्या नावाच्या आद्याक्षराचे चॉकलेट हाती येते. घरातील मोठी माणसे एकमेकांना भेटी देतात, त्यांबरोबर गमतीच्या कविता लिहितात आणि खाली सही करतात ती संताची. कोणी दिले हे ओळखले तरी मोठ्याने म्हणायचे नसते. या सोहळ्यातील संताच्या काळ्या सेवकाच्या सोंगावरून अलीकडच्या वर्षांत तेथे मोठा वाद झाला आणि अनेक शहरांनी ते सोंग बदलले. तेही रास्तच झाले.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरला संतांची भक्ती कमी करायची होती. मुलांना भेट निकोलस आणीत नाही, खुद्द बाळ येशू आणतो, आणि तीही नाताळात, असा प्रघात त्याच्या शिकवणीतून रुजला. गंमत अशी, की काळाच्या ओघात हा बाळ येशू बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया या कॅथोलिक भागांत घट्ट रुतून बसला, आणि प्रोटेस्टंट उत्तरेत पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा आला. आपल्या तरुण मंडळात चिठ्ठ्या काढून "क्रिस फ्रेंड" ठरवतात. इंग्रजीत याच खेळाला क्रिस क्रिंगल असेही म्हणतात, आणि ते नाव या जर्मन बाळ येशूच्या नावावरून पडलेले आहे.

इटलीच्या उत्तरेस व्हेरोना, बर्गामो, ब्रेशिया या गावांत १३ डिसेंबरला संत लुसी गाढवावरून येते. मुले गाढवासाठी चारा ठेवतात. स्पेनमध्ये मुले वाट पाहतात ती ५ जानेवारीच्या रात्रीची. त्या रात्री तीन राजे येतात. बाल्कनीत बूट, आणि उंटांसाठी पाणी आणि गवत. सकाळी प्रभुप्रकटीकरणाचा सण. गोव्यात कासावली आणि चांदोर येथे ६ जानेवारीला तीन मुले राजांचा पोशाख करून घोड्यावरून निघतात. ही आठवणही तिकडूनच आलेली.

इटलीतील बेफानाची कथा मात्र मला सगळ्यांत जवळची वाटते. ती एक म्हातारी. ज्ञानी लोक बेथलेहेमच्या वाटेवर तिच्या दारी थांबले आणि म्हणाले, आमच्याबरोबर चल. ती झाडलोट करीत होती. म्हणाली, आधी हे आवरते, मग पाहू. ते निघून गेले. थोड्या वेळाने तिला हुरहुर लागली, ती टोपली घेऊन धावली, पण ना ते सापडले ना बालक. तेव्हापासून ती दर ५ जानेवारीच्या रात्री घरोघर हिंडते. बालक कोणत्या घरी आहे हे तिला ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक मुलाच्या मोज्यात काहीतरी ठेवते. आपल्यातल्या किती गृहिणींचा नाताळ असाच घर धुण्यात, पडदे बदलण्यात आणि नेवऱ्या तळण्यात जातो! मध्यरात्रीच्या मिस्साला त्या येतात तेव्हा उभ्याउभ्या डुलक्या घेत असतात. बेफानाला हसण्याआधी घरातील पुरुषांनी पडदे उतरवायला हात लावावा.

या रीतींच्या दोन खऱ्या आठवणी लिहून राहिलेल्या आहेत, त्या मुलांना जरूर सांगाव्यात. १९३४ साली बव्हेरियातील एका पोलीस अधिकाऱ्याच्या तीन मुलांनी बाळ येशूला पत्र लिहिले. धाकटा सात वर्षांचा जोसेफ. त्याने मागितली मिस्साची प्रार्थनापुस्तिका, एक हिरवा मिस्सावस्त्राचा झगा आणि येशूच्या पवित्र हृदयाची प्रतिमा. मुले घरात मिस्सा-मिस्सा खेळत, म्हणून झगा हवा होता. हा मुलगा म्हणजे पुढे परमगुरुस्वामी झालेले सोळावे बेनेडिक्ट. त्यांच्या जुन्या घराच्या दुरुस्तीत ते पत्र सापडले आणि २०१२ साली लोकांपुढे आले. त्यांचे बंधू जॉर्ज यांनी आणखी एक आठवण सांगितली आहे. जोसेफ अगदी लहान असताना घरासमोरच्या दुकानात एक कापडी अस्वल मांडलेले होते. रोज ते पाहायला जायचे, हा त्याचा आनंद. नाताळच्या आधी एके दिवशी अस्वल दिसेना, आणि पोर रडरड रडले. नाताळात भेटींमध्ये तेच अस्वल बसलेले होते.

दुसरी आठवण लिझ्यूच्या संत तेरेजाची. तिची आई ती साडेचार वर्षांची असताना वारली होती. घरातील सर्वांत धाकटी, बारीकसारीक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी. २५ डिसेंबर १८८६ च्या पहाटे ती, तिची बहीण सेलिन आणि वडील मध्यरात्रीच्या मिस्साहून परतले. फ्रान्सच्या रीतीप्रमाणे शेकोटीजवळ तेरेजाचे बूट भेटींनी भरलेले होते. ती तेव्हा पंधराव्या वर्षात शिरायला आठवडाभर उरलेली, म्हणजे चौदा पूर्ण होत आलेली मुलगी. वडील दमलेले होते. बूट पाहून ते काहीसे वैतागाने म्हणाले, की बरे झाले, हे यंदा शेवटचेच. तेरेजा जिना चढत होती, तिने ते ऐकले. सेलिन म्हणाली, आता लगेच खाली जाऊ नकोस, रडशील. तेरेजाने डोळे पुसले, ती धावत खाली आली, बूट वडिलांपुढे ठेवला आणि एकेक वस्तू हसतहसत बाहेर काढू लागली. वडीलही हसू लागले. आपल्या बालपणाचा शेवट आणि खऱ्या वाटचालीचा आरंभ त्या रात्री झाला, असे तिने पुढे लिहिले. बुटात तिला काय मिळाले हे फारसे कोणाला आठवत नाही. तिने वडिलांना काय दिले ते मात्र जगाला ठाऊक झाले. १९२७ साली तिला संत फ्रान्सिस झेवियरबरोबर मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले.

या सगळ्या रीतींमध्ये मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. देणारा दिसत नाही. तो रात्री येतो, दुसऱ्याचे नाव लावतो आणि सकाळ होण्याआधी नाहीसा होतो. मुलाने उपकार मानायचे तर ते देवाचे किंवा संताचे, समोरच्या माणसाचे नाही. आणि मूल नुसते घेणारे नसते. घोड्याला गाजर, उंटाला पाणी ही त्याची बाजू असते. डोंगरावरील प्रवचनात दानधर्म गुप्तपणे करण्याविषयी प्रभूने जे सांगितले (मत्तय ६:१-४) ते या आयाबापांनी मुलांना न सांगता शिकवले.

आपली रीत याहून वेगळी. आपल्याकडे नाताळची भेट म्हणजे कुस्वाराचे ताट. पोर्तुगीजांच्या नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला कोंसोआदा म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असे मानतात. गोव्यात शेजाऱ्यांना पाठवायच्या गोडधोडाला कोंसुआद म्हणतात. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या फणीवर वळलेली कुलकुले, खोबऱ्याच्या नेवऱ्या, दोदोल, पेराद, मिल्क क्रीम. ताटावर क्रोशाचा रुमाल. हे ताट अंधारात जात नाही, भर दुपारी जाते आणि मुलांच्या हातून जाते. "मम्मीने दिलंय, मावशी." दिवाळीत त्याच मावशीकडून चकल्या-करंज्या आलेल्या असतात. ताट रिकामे परत येत नाही, निदान चिमूटभर साखर घालून येते. बीडीडी चाळींच्या लांब व्हरांड्यांत ही ये-जा अनेकांनी पाहिली आहे. आता टॉवरच्या बंद दारांपुढे ती किती टिकते हे पाहायचे.

दोन्ही रीती चांगल्या आहेत. बरोबरीच्या शेजाऱ्यांमध्ये ताटच शोभते. अडचण येते ती देणारा आणि घेणारा बरोबरीचे नसतात तेव्हा.

दुसऱ्या एका धर्मग्रामात नाताळपूर्वी गरजू कुटुंबांना धान्याची पाकिटे देण्याचा कार्यक्रम होता. मंचावर पाहुणे, मागे फलक, नावे पुकारली जात होती. प्रत्येक पाकिटाला देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही हात लागले की फोटो. एका बाईचे नाव पुकारले गेले. ती पुढे गेली, पण तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा खांबाआड सरकला. पाकिटे देणाऱ्यांत त्याच्या वर्गमित्राचे वडील होते, आणि वर्गमित्र पहिल्या रांगेत बसला होता. आईने हाक मारली, "अरे ये, फोटो काढतायत." तो आला नाही. पुढच्या रविवारी तो धर्मशिक्षणाच्या वर्गालाही आला नाही.

त्या पाकिटात तांदूळ चांगला होता, तेलही होते. देणाऱ्यांचे मन वाईट होते असे मी म्हणत नाही. हिशेब दाखवावा लागतो, देणगीदारांना खात्री हवी असते. हिशेब जरूर ठेवावा, पण तो कागदावर. मायराचा तो बाप तीन मुलींना घेऊन मंचावर चढला असता तर हुंडा जमला असता, पण गावाने त्या मुलींना जन्मभर "थैलीवाल्या" म्हटले असते. निकोलस रात्री गेला तो स्वतःच्या नम्रतेसाठी, असे आपण शिकवतो. मला वाटते, तो त्या मुलींसाठीही रात्री गेला. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली तेव्हा गरजूंच्या घरी जाऊन भेटण्यावर भर दिला, त्यामागेही हीच जाण होती. घरी गेलेला माणूस दोन घटका बसतो, चहा घेतो. रांगेत उभ्या असलेल्याला ते सुख नाही.

धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना आणि आईवडिलांना काही सुचवावेसे वाटते. ५ डिसेंबरच्या रात्री मुलांना दाराशी बूट ठेवू द्या. शाळेचा बूट चालेल, चप्पलही चालेल, पण पुसलेली हवी. त्यात मुलाने आधी स्वतःचे काहीतरी ठेवायचे. खाऊच्या पैशांतले नाणे, चांगल्या स्थितीतील खेळणे, किंवा अमुक एकाशी भांडण मिटवीन अशी चिठ्ठी. सकाळी त्या जागी लहानशी भेट असावी, संत्रे किंवा पेन्सिल. उघडा गोड पदार्थ मात्र ठेवू नका. मुंग्या आणि उंदीर संतांचा मान राखीत नाहीत. मुलाने ठेवलेली वस्तू कोठे गेली हे त्याला सांगू नका. तीन मजले वर राहणाऱ्या मुलाच्या हाती तेच खेळणे दिसले तरी गप्प राहायला शिकवा. हे सर्वांत कठीण, मोठ्यांनाही.

आणि लघु ख्रिस्ती समूहांनी यंदा ताटाचा उपयोग करून पाहावा. आपल्या इमारतीत कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे समूहातील दोघातिघांना ठाऊक असतेच. तेवढ्यांनीच ते ठाऊक ठेवावे. कुस्वाराची ताटे प्रत्येक दारी पाठवावीत, ख्रिस्ती असो वा नसो, सगळी सारखी, सगळ्यांवर तसाच रुमाल. ज्या घरी यंदा मयत झाली म्हणून तळण झालेले नाही, तेथे ताट आधी जावे. ज्या दोन-तीन घरी गरज आहे त्यांच्या ताटात नेवऱ्यांच्या खाली, कागदाच्या घडीत, पाकीट असावे. नाव नको, शुभेच्छापत्रही नको. ताट नेणाऱ्या मुलालाही कोणत्या ताटात काय आहे हे कळता कामा नये. संध्याकाळी ताटे परत येतील, चिमूटभर साखर घालून, त्या घरांतूनही. ती साखर चहात घालावी.